जो मागं राहीन त्याले

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तानाबाई इंगळे खड्ड्यात होत्या. खड्डा त्यांच्या ओट्याला लागून आहे, कमरेइतका खोल, आणि त्याच्या तळाशी त्यांचा नळ आहे. नळ जमिनीखाली घेतला की क्षीण पाणीसुद्धा तिथवर पोचते, म्हणून टेंभुर्णखेडच्या मागच्या गल्लीत सगळ्यांचेच नळ खड्ड्यात आहेत. एकाने खड्डा खोल केला की पुढच्याला त्याहून खोल करावा लागतो. तानाबाईंचे घर ओळीत शेवटचे, त्यामुळे त्यांचा खड्डा सगळ्यांत खोल. तळाशी उकिडवे बसायचे, तांब्या नळाखाली धरायचा, तो हंड्यात रिता करायचा आणि हंडा भरला की डोक्यावरून उचलून काठावर ठेवायचा. पाणी दर पाचव्या दिवशी येते. या कामात तानाबाईंची दहा वर्षे गेली. सरपंचपदाच्या निवडणुकीकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती: खड्ड्याबाहेर उभे राहून पाणी भरायचे.

गाव चिखली–देऊळगाव राजा रस्त्यावरच्या फाट्यापासून आत आहे. टाकी गावाच्या वरच्या अंगाला. तिथून निघालेले पाणी आधी विद्यमान सरपंच रामरावांच्या घरी जाते, मग बाजारगल्लीत. तिथे घराघरात नळाला टिल्लू पंप लावलेले आहेत. हा पंप एवढासा असतो, पण पाइपातले पाणी ओढून घेतो. त्यातून उरलेसुरले मागच्या गल्लीत येते. ही बौद्ध घरांची गल्ली. तानाबाईंच्या अंगणात पाण्यापेक्षा हवाच जास्त येते, आणि हवा आली की नळ शिटी वाजवतो.

यंदा या शिटीला राजकीय अर्थ आला होता. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता आणि उमेदवार तीन होते. पहिले रामराव. दोनदा सरपंच झालेले. माणूस वाईट नाही. दाखल्यावर सही हवी असेल तर मोटारसायकल थांबवून सीटवर कागद ठेवून सही देतील. मात्र त्यांच्या घराशेजारी गाड्या धुतल्या जात आणि मागच्या गल्लीत लोक तांब्याने पाणी भरत. दुसरा चंद्रशेखर. त्याचे चिखलीत खते-बियाण्यांचे दुकान आणि घर. गावात तो रविवारी येई आणि विकासावर बोले. तानाबाई आणि तो चौथीपर्यंत एका वर्गात होते. त्याने आपली पाटी फोडली होती हे तानाबाईंना आठवते. तो त्यांना मावशी म्हणतो. तिसरा गोकुळ, मोटार रिवायंडिंगवाला. तरुण, हसतमुख, कुणाच्याही मयतीला सगळ्यांत आधी हजर. गावातले बहुतेक टिल्लू पंप त्यानेच विकलेले आणि त्यानेच दुरुस्त केलेले. गावाला पाणी मिळाले तर त्याचा धंदा बुडणार होता, आणि गावाला पाणी देण्याचे वचन तो सगळ्यांत जोरात देत होता.

चिन्हे वाटली गेली तेव्हा गोकुळला खाट मिळाली, चंद्रशेखरला शिटी आणि रामरावांना नळ. रामरावांनी छत्री मागितली होती. त्यांच्या पोस्टरवर नळ आणि त्यातून पडणारा एक थेंब छापून आला. हा थेंब कोणत्या गल्लीतला, असे लोक विचारू लागले.

त्या पहाटे रामराव चार माणसे घेऊन मागच्या गल्लीत आले. पाण्याच्या दिवशी सगळे घरी सापडतात, हे अनुभवी उमेदवाराला ठाऊक असते. तानाबाईंना खड्ड्यातून त्यांच्या चपला आणि पायजम्याचे काठ दिसले.

"हाय का घरी, तानाबाई?"

"खड्ड्यात हाय. बसा."

"बसत नाही. यावेळी ध्यान ठेवा."

"ध्यान नळावर हाय, पाटील. चहा घेता का?"

"आताच झाला."

रामराव या गल्लीत दर निवडणुकीला आणि दर चौदा एप्रिलला येत. चहा त्यांचा नेहमी आताच झालेला असे.

तेवढ्यात पाणी गेले आणि नळाने शिटी वाजवली. रामरावांच्या माणसांपैकी एक पुटपुटला, "पाह्य. आपलं चिन्ह त्याचा प्रचार करून राह्यलं."

रामरावांनी ते ऐकले नाही असे दाखवले. "मग सांगा, मत कोणाले?"

तानाबाईंनी तांब्या झटकला. "जो आमच्या मागं राहीन, त्याले."

"अवो, दहा वर्षं झाले, आम्ही तुमच्या मागंच तं हावो."

"दिसले नाही कधी. मागं आमच्या शालूबाईच्या बकऱ्या हाय."

एवढेच बोलणे झाले. पण हे वाक्य सकाळी आठपर्यंत फाट्यावरच्या हॉटेलात पोचले तेव्हा त्याची अट झाली होती: मागच्या गल्लीची झाडून सगळी मते, जो तानाबाईच्या मागे राहायला जाईल त्याला. राहणे म्हणजे पाठीशी राहणे की बिऱ्हाड करून राहणे, हे विचारायला परत कोणी गेले नाही.

हॉटेलात चंद्रशेखर बसला होता. त्याने विचारले, "म्हणजे काय? तिथं राहून काय व्हणार?"

उत्तर पुंजाजींनी दिले. पुंजाजी ग्रामपंचायतीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सोडतात, आणि चेष्टा व माहिती एकाच चेहऱ्याने सांगतात. "शेखरभाऊ, मोठा माणूस टाकीजवळ राह्यला तं पाणी त्याच्या घरीच थांबते. तोच माणूस शेवटाले राह्यला, तं पाण्याले सगळ्याइच्या दारावरून जाणं पडते. बाईनं हिशोबाचं सांगतलं."

बाईंनी तसे काही सांगितले नव्हते. दुपारी शेजारच्या शालूबाईंनी विचारले तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "मी तं पाठीशी राहा म्हणून म्हटलं होतं. पण येत असतीन तं येऊ दे ना."

दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर आला. तानाबाईंच्या घरामागे शालूबाईंची पत्र्याची खोली आहे, तीत बकऱ्या होत्या. बकऱ्या तानाबाईंच्या अंगणात गेल्या आणि चंद्रशेखर आत गेला. सोबत गादी, टेबल, टेबलफॅन, खाट आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र. यंत्र नळाला जोडावे लागते हे ते भिंतीवर ठोकून झाल्यावर लक्षात आले. त्याची बायको गाडीतून उतरली नाही. तिने काच खाली करून खोली पाहिली आणि काच वर केली.

तिसऱ्या दिवशी गोकुळने त्या खोलीच्याही मागे ताडपत्री ठोकली. मतदारांना तो सांगू लागला, "शेखरभाऊ बी माह्याच चिन्हावर झोपते." चंद्रशेखरने खाट परत पाठवली. जमिनीवर झोपला, तर सकाळी गादीखाली विंचू निघाला. मग तो टेबलावर झोपू लागला. टेबल कोणाचेच चिन्ह नव्हते.

रामराव दोन दिवस हसले. मग तेही वळकटी घेऊन आपल्या गोठ्यात राहायला आले. गोठा त्यांच्याच शेतात, गोकुळच्या ताडपत्रीच्या मागे. त्यापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या गावाची शीव. यापुढे मागे जाणे कायद्यानेच शक्य नव्हते. म्हशी आधीपासून तिथे होत्या, त्यांनी हरकत घेतली नाही.

असा टेंभुर्णखेडचा सगळा प्रचार गावाच्या शेपटाला येऊन राहिला. सकाळी माणसे नाल्याकडे फिरायला जाण्याच्या निमित्ताने तिन्ही अंथरुणे पाहून येत. कोण खरेच झोपला आणि कोण पहाटे येऊन चादर चुरगळून बसला, यावर हॉटेलात चर्चा होई.

अडचण पाण्याची होती. तिघांनीही नळजोडणी मागितली. आचारसंहितेत नवीन जोडणी देता येत नाही, असे ग्रामसेवकाने सांगितले. ज्याची मुदत संपत आली होती त्या सरपंचाला सांगितले, ज्यांना सरपंच व्हायचे होते त्यांनाही सांगितले. त्यामुळे पुढच्या पाण्याच्या दिवशी तिन्ही उमेदवारांना पाणी मिळण्याची जागा एकच उरली: तानाबाईंचा खड्डा.

प्रत्येकाने आपापल्यापुरती तजवीज केली. गोकुळने आदल्या दिवशी बाजारगल्लीत घरोघर जाऊन टिल्लू पंप काढून आणले. सर्व्हिसिंग आहे म्हणाला. निवडणुकीच्या तोंडावर फुकट सर्व्हिसिंगला कोणी नाही म्हणाले नाही. चंद्रशेखरने चिखलीहून प्लंबर आणून शाळेजवळचा गळका सांधा बांधून घेतला. तो सांधा दोन पंचवार्षिकांपासून गळत होता. रामरावांनी पुंजाजींना व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला सांगितले आणि, पुंजाजी शपथेवर सांगतात, स्वतःच्या घराची तोटी स्वतःच्या हाताने बंद केली.

पहाटे तिघे कळशी, बादली आणि किटली घेऊन खड्ड्यापाशी आले.

"मावशी, माहं पह्यले भरून द्या. मले चिखलीले जायचं हाय," चंद्रशेखर म्हणाला.

"नंबर लावा, शेखरभाऊ."

"मी सगळ्यात जवळ राह्यतो ना."

"मागं राह्याले आले ना तुम्ही? मग मागंच राहा."

रामराव तिसऱ्या नंबरावर उभे राहिले. गोठ्यात चहा करणारे कोणी नव्हते. तानाबाईंनी विचारले, "आताच झाला का, पाटील?" रामराव म्हणाले, "नाही झाला." आणि ओट्यावर बसून त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, दोनदा.

मग पाणी आले. आधी नळाने नेहमीप्रमाणे शिटी वाजवली, गोकुळने चंद्रशेखरकडे पाहून टाळी वाजवली, आणि शिटी मध्येच तुटून धार सुरू झाली. तानाबाईंचे हंडे भरले, दोन्ही ड्रम भरले, उमेदवारांची भांडी भरली. तोटी बंद करायला तानाबाईंना जमले नाही, कारण ती इतकी वर्षे उघडीच राहून गंजली होती. खड्डा भरू लागला तशा त्या बाहेर आल्या. खड्डा पाण्याने भरल्याचे गल्लीने प्रथमच पाहिले. शालूबाईंच्या बकऱ्या त्यात तोंड घालून पाणी प्यायल्या.

हे मतदारांना आमिष ठरते का, असा प्रश्न कोणी काढला नाही. तक्रार करायची तर पाणी आले अशी करावी लागली असती.

त्या आठवड्यात धम्मरत्न गावी आला. तो तानाबाईंच्या दिराचा मुलगा, बुलढाण्याला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देतो. त्याने अंथरुणे पाहिली आणि तो चिडला.

"काकू, हे तीन बी कामाचे नाही. नोटा दाबा."

"नोटा कुठं राह्यते?"

"कुठंच नाही राहत. वरीलपैकी कोणीही नाही, असं बटन असते."

"मग त्याच्याकडं पाणी कसं जाईन?"

"पाण्याचं नाही म्हणत मी. दहा वर्षं ज्याइनं खड्ड्यात बसवलं, त्याइनं चार दिवस खाट टाकली की आपण विसरतो. दरवेळी असंच व्हते. मतदान झालं की तिघंही आपापल्या घरी जातीन."

"हे तं तू बरोबर बोलला," तानाबाई म्हणाल्या. "जाणारच."

धम्मरत्नला याहून जास्त विरोधाची अपेक्षा होती. पण हाच मुद्दा घेऊन तानाबाई पुढचे चार दिवस फिरत राहिल्या. तिघांत चांगला कोण, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. निवडून आल्यावर परत जाऊ न शकणारा कोण, एवढेच त्यांना पाहायचे होते.

चंद्रशेखरची गादी त्यांनी पाहिली. तिचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते आणि गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी असे. गोकुळची बायको रोज डबा घेऊन येई, रोज कधी येता म्हणून विचारी, आणि तो रोज दिवस मोजून सांगे. राहिले रामराव. त्यांनी म्हशीचे दूध पाठवले होते, त्याची बरणी परत द्यायच्या निमित्ताने तानाबाई टाकीजवळच्या घरी गेल्या.

पुढची खोली रामरावांची. तिची भिंत गुलाबी झाली होती. जिथे पलंग होता तिथे भला मोठा आरसा, आरशापुढे उंच खुर्ची आणि खुर्चीमागे रामरावांची सून सारिका. सारिकाने जालन्याला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला आहे. लग्नाला सहा वर्षे झाली, जागा नव्हती.

"ही पाटलांची खोली ना व?"

"व्हती," सारिका म्हणाली. "बसा काकू. आयब्रो करून देतो, तुमच्यापासूनच सुरुवात."

तानाबाई खुर्चीत बसल्या. खुर्ची वर गेली. सारिकाने दोरा दातात धरला.

"निवडून आले तं पाटील परत येतीन ना?"

"कुठं येतीन? पडदे शिवाले टाकले मी."

"अन् पडले तं?"

"तरी गोठाच. तिथं मोकळी हवा हाय, म्हशी हाय. मामाजीले काय लागते?" तिने दोरा ओढला. "हलू नका. दोन लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या मी. त्याइले कुठं पाठवू?"

तानाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, ते दोऱ्यामुळे. परत येताना त्यांचे ठरलेले होते. पडलेले रामराव गोठ्यात राहून गल्लीच्या उपयोगाचे नव्हते. पडलेल्या माणसासाठी कोण व्हॉल्व्ह उघडतो? निवडून आलेले रामराव गोठ्यात राहिले पाहिजेत. त्यांनी गल्लीतल्या बायकांना जास्त काही सांगितले नाही. एकेकीला बरणी देऊन टाकीजवळ पाठवले. प्रत्येकीने खोली पाहून घेतली.

मतदान जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले. तानाबाईंनी नळाचे बटण दाबले. बाहेर धम्मरत्न उभा होता. त्याने काय दाबले ते त्याने सांगितले नाही, त्यांनी मात्र विचारल्याबरोबर सांगितले.

"ज्यानं खड्ड्यात बसवलं, त्यालेच?"

"त्याले कुठं. त्याच्या सुनेच्या आरशाले देल्लं."

"काकू, हे काही खरं नाही."

"तुह्यापाशी बरा माणूस असता तं त्याले देल्लं असतं. हाय का?"

"नाही," धम्मरत्न म्हणाला.

रामराव अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. गुलाल उधळला, म्हशीही गुलाबी झाल्या. त्याच संध्याकाळी चंद्रशेखर गादी गाडीवर बांधून चिखलीला गेला. प्लॅस्टिक तसेच होते, त्यामुळे गादीला गुलाल लागला नाही. गोकुळने ताडपत्री सोडली आणि जाताना लोकांचे टिल्लू पंप परत वाटले. सर्व्हिसिंगमुळे ते पूर्वीपेक्षा चांगले ओढत होते. शालूबाईंच्या बकऱ्या पत्र्याच्या खोलीत परतल्या. यंत्र अजून भिंतीवर आहे, बकऱ्यांच्या दोऱ्या त्यालाच बांधतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराव वळकटी काखेत घेऊन घरी निघाले. गल्लीने त्यांना जाताना पाहिले. तानाबाई ओट्यावर बसून राहिल्या. टाकीजवळच्या दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी लागली होती आणि आत हळदीची नवरी खुर्चीत होती. सारिका दाराशी येऊन म्हणाली, "मामाजी, थोडं बाहेर थांबता का? लेडीज हाय आत." रामराव थांबले. नवरीनंतर नवरीच्या बहिणी होत्या. दुपार व्हायच्या आत ते वळकटी घेऊन त्याच रस्त्याने परत आले.

"चहा झाला का, पाटील?" तानाबाईंनी विचारले.

"कुठचा?" रामराव म्हणाले, आणि ओट्यावर बसले.

पहिल्याच मासिक सभेत पाइपलाइन नाल्यापर्यंत नेण्याचा ठराव झाला. आता पाइप तानाबाईंच्या दारावरून गोठ्यापर्यंत जातो. पाण्याच्या दिवशी सरपंच पहाटे बाजारगल्लीत स्वतः फिरतात आणि टिल्लू पंप सापडला की काढून नेतात. गावातल्या प्रत्येकाला पाणी मिळाले पाहिजे, असे ते भाषणात सांगतात; शेवटच्या माणसापर्यंत पोचले पाहिजे, हे सांगताना त्यांचा आवाज चढतो. शेवटचा माणूस ते स्वतः आहेत.

तानाबाईंचा नळ वर आला आहे. खड्डा त्यांनी निम्माच बुजवला. धम्मरत्नने सगळा का बुजवला नाही म्हणून विचारले.

"पार्लरवर हाय ते," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाही आलं तं सारिका बंद करीन. बंद केलं तं खोली मोकळी. खोली मोकळी झाली तं पाटील घरी."

म्हणून मागच्या गल्लीतल्या बायकांनी पाळी लावून घेतली आहे. खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही. शालूबाईंनी पासष्टी ओलांडली आहे. त्यांच्या भुवया आता दोऱ्याला लागण्याइतक्या उरलेल्या नाहीत, म्हणून त्या नखांना रंग लावून येतात आणि बकऱ्या दोहतात.

"काकू, गावाची लोकशाही तुमच्या भुवयांवर उभी हाय," धम्मरत्न म्हणाला.

"उभं राहून भरतो ना पाणी आता," तानाबाई म्हणाल्या. "मग झालं."

उद्या पाण्याचा दिवस आहे. पुंजाजी पाच वाजता व्हॉल्व्ह सोडतील. पार्लरमध्ये तानाबाईंचा नंबर दुपारी अडीचचा आहे.